चुन्याची रेघ

चोपड्याबाहेर, अर्धवट सोडलेल्या बायपासवर
बोलेरोच्या दिव्यांत बैठक बसलीय:
चारशे मीटर ठेवायचे की तीनशे.

युनूस मिस्तरी म्हणतो, चौथा गिअर
खुलतोच साडेतीनशेनंतर.
तीनशेत काय, लुना पळवायची?
हशा.
दगाजी म्हणतात, बऱ्हाणपूरहून पब्लिक येतं
ते चारशेसाठी.

मी टेप गुंडाळतोय. दर वेळी मीच मोजतो,
सुरुवातीपासून रेघेपर्यंत.
रेघेच्या पुढचं मोजायला
कधी कुणी सांगितलं नाही.
पुढे डांबर संपतं, मग खडी,
मग सिंधूबाईंची केळी,
त्यातली नऊ झाडं अजून आडवीच.

त्या मागे उभ्या होत्या, हातात विळा.
"भाऊ, तो पोऱ्या जिकेल व्हता ना?"
हो, म्हटलं. पाव सेकंदाने.
"मंग त्याले नुसतं थांबनं व्हतं."

दगाजींनी तंबाखू मळायची थांबवली.
कुणीतरी खाकरलं.

मी टेपचं शून्य चुन्यावर ठेवलं,
वर एक दगड,
आणि अंधारात केळीकडे चालू लागलो.

ब्याण्णवला खडी लागली.
टेप अजून बाकी होता.