उघाडी

हसुरामकाका बोटीवर होते तेव्हाची गोष्ट.
व्हेराक्रूझला इंजिन बिघडलं, बोट अकरा दिवस पडून,
आणि हे एसटीत बसावं तसे बसून
वर, डोंगरांतल्या त्या मोठ्या शहराला गेले.
शहर काही आवडलं नाही.
"नेरुळसारखाच. पन तवा नेरुळ नव्हता."

शहराच्या शेपटाला मात्र पाणी होतं.
पाण्यात मातीच्या पट्ट्या, पट्ट्यांवर मका, भोपळा,
कडेला झाडं रोवलेली, मुळांनी माती धरावी म्हणून,
आणि होडीत उभा एक म्हातारा
लांब दांड्याच्या पिशवीने तळाचा गाळ उपसून
वाफ्यावर ओतत होता,
काळा, लोण्यासारखा.
काकांनी बूट काढले.
गुडघाभर उतरले.
"बग, ही त आपलीच खार."

भाषा नव्हती. म्हाताऱ्याने मिरची पुढे केली,
यांनी चावली, डोळ्यांना पाणी, दोघं हसले.
झेंडूचे ढीग पाहून हे म्हणाले, दसरा.
त्याने जमिनीकडे बोट केलं: खालच्यांसाठी.
काका म्हणाले, आमच्यात त्यांना कावळा लागतो.
त्याला काय कळलं देव जाणे. मान हलवली.

त्याच शहराखाली अजून एक शहर आहे.
तळ्यात बांधलेलं, पायऱ्यांच्या देवळांचं.
जिंकणाऱ्यांनी तळं आटवलं,
देवळांचे चिरे चर्चच्या भिंतीला लावले.
मग साडेचारशे वर्षांनी विजेची माणसं केबल टाकायला खणतात
तर चंद्राची देवी, गोल दगडावर,
हात वेगळे, पाय वेगळे, मुंडकं वेगळं.
भावानेच तोडलेली.
हे सांगताना काका बोटं मोडतात:
अष्टमीला अर्धी, पाण्याला भांग.
अवसेला काहीच नाही,
आणि पाणी मात्र उधाणाचं.
खाडीकाठच्या माणसाला ही कथा
समजावून सांगावी लागली नाही.

आमचं कुणी तलवारीने घेतलं नाही.
पावती मिळाली. आकडा काका सांगत नाहीत.
बांध फुटला नाही, बुजला,
पारसिकच्या डोंगराचा मुरूम, डंपरमागून डंपर.
उघाडीची सागवानी झडप आजोबांनी खांद्यावरून घरी आणली.
तिच्यावर आता टीव्ही आहे.

देवळाला आमच्या पायऱ्या नव्हत्या.
बांधावर शेंदराचा दगड होता,
तो टेम्पोत घालून तीनदा हलवला:
रस्ता, नाला, मेट्रो.
उद्या कुणी खणलंच
तर काय लागणार हाताला?
थोडी शिंपली.

मी मॉलच्या दुसऱ्या तळघरात पंप बघते, रात्रपाळी.
वहीत लिहायचं: चालू किती वाजता, बंद किती वाजता.
साहेब म्हणतात पाइप गळतो.
मी बोट बुडवून चाटलंय.
खारट आहे.

दोन वर्षांच्या वह्या ठेवल्यात मी.
पुनवेला पंप जास्त चालतो, अवसेला जास्त चालतो,
अष्टमीच्या आसपास झोप मिळते.
काका म्हणतात रानातले मायाही असंच बसून मोजत,
शुक्र किती दिवस दिसतो, किती दिवस दडतो,
झाडाच्या सालीच्या वहीत,
आणि शून्य काढत शिंपल्यासारखं.
ते ऐकल्यापासून
पंप लागला नाही त्या रात्रीपुढे
मी शिंपला काढते.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, काही नाही.
खरंच तेच म्हणायचं होतं.

मागच्या अवसेला खांब नंबर बारापाशी
पाणी गाड्यांच्या टायरपर्यंत आलं.
सकाळी काकांना सांगितलं, जागा सांगितली.
चहा अर्धा ठेवून गप्प बसले बराच वेळ.
बारा नंबर म्हणजे पिंपळाच्या सरळ रेषेत ना,
शाळेच्या अलीकडे?
पिंपळ नाही आता, काका. शाळाही नाही.
पण हो.

मग उठले,
धोतराचा सोगा खोचला, आणि म्हणाले,
"टीवी उचल."