अर्धा टँकर

औशाहून आले तेव्हा वाटलं होतं,
फाटकातून आत शिरलं की समुद्र.
इथं करावे गावाच्या कडेला
आधी पाम बीचचा रस्ता, मग तिवरं, मग चिखल,
चिखलात एका पायावर उभे रोहित,
आमच्या परेडपेक्षा शिस्तीत.
पलीकडे खाडी आहे म्हणतात.
भरतीला थोडा वेळ चमकते.

आई फोनवर विचारते, दिसला का गं?
मी म्हणते, उद्या दाखवणारेत.

साडेपाचला फॉल-इन.
चाळीसात आम्ही चौघी.
पितळी बकलात तोंड दिसेपर्यंत घासायचं,
तोंडावर झोप दिसू द्यायची नाही.
लाल दिवा डावा, हिरवा उजवा,
आंघोळीच्या रांगेतसुद्धा पाठ.
दोरांच्या शेडमध्ये दिवाळ्याचे तांडेल मास्तर
माझी गाठ बोटानं चाचपतात :
"मारलीस ती मोठी गोष्ट नाय, पोरी.
भिजव आन् मंग सोडवून दाखव."
नखं गेली. गाठ तिथंच.

गावात मात्र भलतीच चर्चा.
सरकारी कॉलेज, जहाजाचं शिक्षण,
पुढं म्हणे टँकरवर नोकरी!
पारावर लोक हसले :
बापाचाही टँकर, लेकीचाही टँकर,
मग एवढं लांब कशाला धाडली?

कॅप्टन दस्तूर फळ्यावर जहाज आडवं कापतात,
पोटात टाकी काढतात,
टाकीत निम्म्यावर एक रेघ.
"हीच सगळ्यात वाईट. का?"
वर्ग वह्यांत तोंड घालतो.

मला बेलकुंडचं वळण दिसतं.
एका खेपेत दोन तांडे,
अर्धं पाणी वरच्याला, अर्धं खालच्याला,
आणि मधला दीड कोस
बाबा पहिल्या गिअरवर, खिडकी उघडी,
कान मागं लावून.
भरलेला गुमान चालतो, म्हणायचे,
रिकामा नुसता खडखडतो,
अर्धा टँकर माणूस मारतो.
मकबूलचाचांचा तसाच गेला.
पाणी उताराला लागलं होतं आणि बायका
ते घागरीत भरावं की चाचांना उचलावं
हे न कळून उभ्या होत्या.

मी उठले. म्हणाले,
सर, गाडी कलली की पाणी त्याच अंगाला पळतं.
गाडी सावरायला बघते,
पाणी सावरू देत नाही.
मागून कुणीतरी हसलं. मी "गाडी" म्हणाले होते.
दस्तूरांनी खडू खाली ठेवला.
"कुठल्या पुस्तकात वाचलंस?"
एमएच चोवीसमध्ये, सर.

सूर्याची उंची मोजायची तर क्षितिज लागतं.
आमच्याकडे पूर्वेला टॉवर, पश्चिमेला तिवरं,
मधे कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी.
मग मेसमधून परात येते.
परातीत इंजिनाचं काळं तेल.
सेक्स्टंट डोळ्याला लावून
आभाळातला सूर्य हळूहळू खाली आणायचा
आणि तेलातल्या सूर्यावर ठेवायचा, काठ न सांडता.
येईल तो कोन निम्मा करायचा.
क्षितिज नसलं तरी हिशेब बरोबर येतो.
बाहेरून डंपर गेला की परात थरथरते,
सूर्याच्या चिंध्या होतात,
आणि मला आईची घागर आठवते.
डुचमळू नये म्हणून ती
पाण्यावर लिंबाची डहाळी टाकायची.
इथं टाकता येत नाही. सूर्य झाकला जाईल.
श्वास धरून उभं राहायचं.

रात्री सांगितलं तिला, आज परातीत सूर्य धरला.
"तेल कुठलं?"
जळकं. गाडीचं.
"मग ठीक. मला वाटलं गोडं नासवलं."

मग बाबांनी फोन घेतला.
खाकरले. पुन्हा खाकरले.
"तुमचा टँकर केवढा असतो?"
एक लाख टन, बाबा. त्याहून मोठेही असतात.
पलीकडं बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"आन् त्यात गावं किती?"