आकडा

डिसेंबरात माझं बरं चालतं.
अधिवेशन भरलं की राज्यभरातली गाऱ्हाणी
नागपुरात मुक्कामाला येतात,
आणि ज्यांना फ्लेक्स परवडत नाही
ते विचारत विचारत गोळीबार चौकामागच्या
माझ्या टपरीपर्यंत पोचतात.

बावीस वर्षं मांजरपाटावर लिहितो आहे:
न्याय द्या. हिशेब द्या. खुर्च्या खाली करा.
'भ्रष्टाचार' तर डोळे मिटून काढतो,
त्यातला ष्ट माझ्यासारखा या शहरात
कुणाला वळवता येत नाही.
रात्रीच्या कामाला दोनशेचा बल्ब.
बल्बाची वायर खिडकीतून खांबावर,
खांबावर आकडा.
गल्लीत सगळ्यांचेच होते,
म्हणून माझा मला दिसत नव्हता.

तिघं आले, कंत्राटी लाइनमन.
भाव केला नाही. एकच ओळ हवी होती:
आमचाही जीव जीव आहे.
त्यातल्या दुर्योधन निखारेनं
नोटा मोजता मोजता वर पाहिलं.
"काका, काढाल तवा कोरड्या बांबूनं काढजा.
मागच्या साली आमचं एक पोरगं
लाइन बंद हाय समजून चढलं होतं.
कोणीतरी दुसरीकडून आकडा टाकला होता."
एवढंच. पावती घेतली आणि गेले.
रागावला असता तर मला भांडता आलं असतं.

रात्री कापड ताणलं, खडूचं सूत धरलं.
आमचे उस्ताद म्हणत, अक्षर मागून, आधी सूत.
सूत केसभर हललं की ओळ डोंगर चढते,
मग वर कितीही नक्षी करा.
'आमचाही जीव' इथवर झालं
आणि ब्रश डब्यातच राहिला.
बल्ब जळत होता. फुकट.

पायाखाली पाट घेतला.
बांबूनं ओढला तेव्हा एक ठिणगी पडली,
विडीची पडते तेवढी.
अख्ख्या गल्लीत माझीच टपरी काळी.
समोरून शेवंताबाई ओरडली,
"काहून जी, लाइन गेली काय?"
"नाही," म्हटलं, "मीच सोडली."
तिला वाटलं, पिऊन आहे.

उरलेली ओळ रस्त्याच्या दिव्याखाली काढली,
फुटपाथवर गुडघे टेकून.
थंडीनं निळा रंग घट्ट झाला होता,
दुसरा 'जीव' बारीक आला,
वेलांटी थरथरलेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच
माझ्या अक्षरांमागून चाललो.
टेकडी रोडवर कठडे लावून अडवलं.
निवेदन घ्यायला कुणीतरी आला,
नाव न सांगता कागद घेऊन गेला.
दुर्योधन म्हणाला, "एक जीव बारीक झाला, काका."
"उजेड कमी होता," म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला
आणि त्यानं बॅनरची माझ्याकडची काठी
जरा वर उचलून धरली.

मग मीटरचा अर्ज.
बाबू म्हणाला, "असं केलं तर उशीर होते,
तसं केलं तर होऊन जाते."
मी बाकावर बसलो.
एकेचाळीस दिवस दिवसाउजेडी लिहिलं,
दोन मोठी कामं इतवारीतल्या मशीनवाल्याकडे गेली.
पोरगा चिडला: "तुमच्या एका बल्बानं
कोणतं सरकार सुधरून राहिलं?"
उत्तर नव्हतं. अजूनही नाही.
गल्लीत आकडे आहेत, एक सोडून सगळे.
फक्त 'हिशेब द्या' लिहिताना
हात पहिल्यासारखा भरभर पळत नाही,
शि पाशी थांबतो,
कापडाकडे नाही, माझ्याकडे बघतो.

काल पहिलं बिल आलं,
तीनशे अठरा रुपये.
आडनाव चुकलेलं आहे, धकातेचं ढकाते.
बावीस वर्षं दुसऱ्यांची नावं बिनचूक लिहिली.
उद्या पुन्हा त्याच बाबूची रांग.
डबा सोबत नेतो.