डेअरीचा फळा

दिवे घाटाच्या माथ्यावरल्या डेअरीत,
फॅट काढायच्या मशीनशेजारी
गेनबा झेंडे पहाटे खडूनं लिहितो:

पारा सातवर. अंजिराला रात्रीच पाणी सोडा.
गाभणीखाली पाचट पसरा.
लाळ्या-खुरकुताची लस राहिली असेल, तर आजच.

मग खडू थांबतो.
मागल्या पौषात चार दिवसांची कालवड गेली;
गोठ्याची उत्तर बाजू उघडी,
अन् गोणपाट ट्रॅक्टरच्या इंजिनवर.
त्या दिवशीही फळ्यावर
त्याच्याच अक्षरात होतं: वासरं झाका.

किटली पुढं सरकवत कोंडाबाई विचारते,
"मला कुठं वाचता येतंय? काय लिवलंय रं आज?"

"थंडी," तो म्हणतो.
फॅट लागतं चार पॉइंट दोन.
पावती फाडता फाडता, खाली बघूनच:
"गोणपाट हाय का घरी?"