करपलेला पाव

कुताइसीच्या चढावर
त्सियालाची स्वतःची भट्टी पहाटे चारला पेटते.
तिच्या भाषेत पावाला पुरी म्हणतात,
आणि ही पुरी लाटत नाहीत, थापतात:
मातीच्या रांजणात कंबरेपर्यंत वाकायचं,
श्वास कोंडून कणीक भिंतीला चिकटवायची,
बाहेर यायचं.
सकाळभरात दोनशेदा.

बँकेचा हप्ता, पिठाचा भाव,
न सांगता काम सोडून गेलेली मझिया,
सगळं त्याच कोंडलेल्या श्वासात.

लेकीने दिलेलं घड्याळ मनगटावर थरथरतं:
दीर्घ श्वास घ्या.
आत्ता? पाव करपेल की, बाई.

आज करपलाच एक.
काळं खरवडून, मीठ लावून
पायरीवर बसून खाल्ला.
आपला पाव गरम असतो
हे ती विसरलीच होती.

दारात गिऱ्हाईक उभं होतं.
राहू दे उभं.