टंकलय

जूनमध्ये नाव नोंदवलं तेव्हा
कॉलेजने माझ्याकडून एकच वाक्य दहा वेळा टाइप करून घेतलं:
'ही परीक्षा मी स्वतः देत आहे.'
कुठलं अक्षर किती वेळ दाबतो,
दोन अक्षरांच्या मध्ये किती थांबतो,
हे म्हणे सहीपेक्षा पक्कं.
सही गिरवता येते. थांबणं गिरवता येत नाही.
मला पटलं होतं.
आमच्याकडेही नुसत्या आवाजावरून कळतं
पलीकडच्या प्रेसवर आज कोण बसलंय.

रबाळे एमआयडीसी. दिवाळीच्या आधीचा मंगळवार,
ओव्हरटाइमचा दुसरा तास.
पंख्याच्या पत्र्याबरोबर
उजवी तर्जनी मधल्या पेरापासून गेली.
ईएसआयच्या डॉक्टरांनी उरलेली दोनदा मोजली.
नाव विचारलं नाही, ते चिठ्ठीवर होतं.

डिसेंबरमधला शनिवार, रात्रीचे नऊ.
गोठिवली, चुलतभावाच्या चायनीज सेंटरवरची खोली.
आधार कार्ड कॅमेऱ्याला दाखवलं.
चेहरा जुळला, एक्क्याण्णव टक्के.
लॅपटॉप फिरवून चारही भिंती दाखवल्या,
गॅस, पाळणा, पाळण्यात झोपलेली साक्षीदार.
मग ते वाक्य.
जुळणी चौतीस टक्के.
आपल्या जागी दुसरी व्यक्ती बसली असण्याची शक्यता आहे.

कीबोर्डकडे बघत राहिलो.
ब, ह, प, र, ल, स.
मराठीची ही सहा घरं उजव्या तर्जनीच्या वाट्याची.
'ही'त ती होती, 'परीक्षा'त तर ठायी ठायी,
'स्वतः'च्या पहिल्याच पायरीवर होती.
एकट्या 'मी'ला तिची गरज नव्हती.
आणि माझं नाव: ह, र, श.
तिन्ही तिचीच.
अख्खा हरेश एका बोटावर राहत होता
आणि हे मला तेहेतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.
मढवी तेवढा शाबूत.
कारखान्यातल्या हजेरीच्या मशीनलाही
मी तेच बोट दिलं होतं.
आता सुपरवायझर वहीत पेनने लिहितो:
मढवी, हजर.

दर्शना म्हणाली, मी लिवू काय? तू सांग फक्त.
तिची दहाही आहेत,
कोलंबी सोलायला बसली की नजर ठरत नाही त्यांच्यावर.
पण तिने लिहिलं असतं
तर मशीनचं म्हणणं खरं झालं असतं.

हेल्पलाइनवर पोरगी होती, वीस-बावीसची.
तिच्या मागे आणखी आठ-दहा जणी तेच विचारत होत्या.
सर, तुमची टाइप करायची पद्धत बदललीय. कारण?
मी हात फोनसमोर धरला.
मग लक्षात आलं, तिच्याकडे फक्त आवाज पोचतो.
मालकाला, इन्स्पेक्टरला, सासऱ्याला सांगताना
मी 'गेलं' म्हणायचो,
जणू बोट चार दिवस गावाला गेलंय.
तिला म्हणालो, तुटलं.
थोडा वेळ नुसते इतर जणींचे आवाज.
मग ती म्हणाली,
सर, यादीत तसं कारण नाहीये.
नवीन कीबोर्ड, आजारपण, इतर.
इतर टाकू?
टाका.
मग पुन्हा दहा वेळा करा सर.
सावकाश करा. घड्याळ मी थांबवते.

मधलं बोट कामाला लावलं.
ते बिचारं पाहुण्यासारखं, दर वेळी दार चुकतं.
तिसऱ्या वेळी 'ही परीक्षा'ची 'गी परीक्षा' झाली,
दर्शना हसली, मीही.
सातव्या वेळेपर्यंत
'ह'च्या आधी एक अडखळ जमून आली.
दर वेळी तेवढीच.
पेडल दाबल्यावर
प्रेस खाली यायला लागते तेवढी.
ती मशीनने मोजली,
हरेश मढवी म्हणून ठेवून घेतली.

नऊ बावन्न. खाली कढई आपटल्याचा आवाज.
प्रश्न पहिला, गुण पाच:
श्रमविभागणी म्हणजे काय?
बोटं वर धरून बसलो.
कुणी कुठे जायचं
ते अजून ठरायचं होतं.