पागोळी

रात्री तीनला उठते तेव्हा दिवा लावत नाही.
आधी ऐकते.
छपराच्या कडेवरून पागोळ्या गळतायत अजून
खालच्या पत्र्याच्या बादलीत,
घाई नसलेल्या माणसासारख्या.

म्हणजे गोठलं नाही.

हार्लन म्हणतो, बाकी सगळं यंत्रांना विचार,
एवढं एक कानांना.
पागोळी थांबली की डोंगर झोपला.
नाही थांबली तर तो जागा आहे,
आणि जागरण झालेल्याच्या वाटेला जाऊ नये.
एकतीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळले त्याने
या स्कायकोमिशमध्ये;
लाल दिव्याशी वाद घालायचा नसतो
हे त्याच्या हाडांत आहे. माझ्या नाही.
सगळा आठवडा मी या शनिवाराकडे बघत काढलेला.

तरी गेलो, पार्किंगपर्यंत.
पाऊस बारीक, एप्रिलचा, कोमट म्हणावा इतका.
हार्लनने काठी बर्फात खुपसली,
मुठीपर्यंत गेली, खरवसात सुरी जावी तशी.
मी ओंजळभर उचलून पिळलं,
पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत.
वर, झाडांच्या बुंध्यांपासून सुटलेल्या
बर्फाच्या चकल्या
कुणी न ढकलता, स्वतःला गुंडाळत
खाली येत होत्या.
"बघ," तो म्हणाला. एवढंच.

शेजारच्या व्हॅनमधली दोघं बूट आवळत होती.
कोल्बी, आणि एक मुलगी, दातांत केसांचा रबर धरून.
काल इथूनच उतरलो, ती म्हणाली, काही झालं नाही.
हार्लनने समजावलं: रात्रभर ढगांचं झाकण होतं,
मुरलेलं पाणी जुन्या कडक थरावर साचलं असेल,
आता वरचं सगळं म्हणजे
ओल्या फरशीवरची सतरंजी.
ती ऐकत होती. कोल्बी घड्याळ बघत होता.
गेली.

आम्ही गाडीत बसून राहिलो.
त्यांना तसं सोडून निघता येईना.
थर्मासमधला आल्याचा चहा संपला,
काचा धुरकटल्या,
मी बोटाने भोक पाडून उतार बघत होते
आणि खरं सांगते, एकदा वाटलं
पडावं काहीतरी. थोडंसं. बाजूला कुठेतरी.
आम्ही बरोबर होतो एवढं कळण्यापुरतं.
मग बाहीने सगळी काच पुसून टाकली.

एक वाजता ती आली, चिंब, हसत.
कोल्बीने आमच्या बॉनेटवर टिचकी मारली.
डोंगराने दिवसभर काही केलं नाही.

मंगळवारी रात्री, कुणी नसताना,
तो उतार जमिनीपासून सुटला.
हार्लन बघून आला. देवदारं मुळांसकट,
आणि बर्फ कसलं, कालवलेलं सिमेंट.
कोल्बीला कळवायला नंबर नव्हता आमच्याकडे.

आज पुन्हा तीन.
बादली काठोकाठ आलीय.
दोन थेंबांमधलं अंतर मोजते.
सात. नऊ.
अकरापर्यंत गेलं एकदा,
मी उशीवरून डोकं उचललं,

टप्.